सतरा नंबरचा पोर्ट

जाफराबाद रस्त्यावरच्या एका जिनिंग मिलमध्ये कॅमेऱ्यांची चित्रं अडकत होती, म्हणून मला बोलावलं होतं. ऑफिसातल्या नेटवर्क स्विचपासून कापसाच्या गोदामापर्यंत एकच केबल गेलेली आणि सगळा भार तिच्यावर. उपाय सोपा होता. शेजारून दुसरी केबल टाकायची आणि दोन्ही टोकांना दोन-दोन पोर्ट जोडून त्यांचा एकच रुंद रस्ता करायचा. पण ऑफिसातल्या स्विचचे चोवीसही पोर्ट भरलेले. एखादा तरी बिनकामाचा असेल म्हणून कोणत्या पोर्टवरून किती डेटा जातो-येतो, त्याचा आलेख लॅपटॉपवर लावून बसलो.

सतरा नंबर सकाळपासून जवळपास मुका होता. तोच काढावा म्हणून उठलो, तर एक वाजता त्याची रेघ एकदम वर चढली. वीस मिनिटं तशीच राहिली आणि खाली आली. दुसऱ्या दिवशीही तसंच, बराबर एकला.

मॅनेजरना विचारलं. म्हणाले, "सतरा? ती जुन्या काट्याची केबिन. गाड्या आता गेटजवळच्या नव्या काट्यावर तोलतो. केबिनला कुलूप हाय."

"मग आत बसतं कोण?"

"कोनीच न्हाई. काटेवाले काका बसायचे. ते वारले."

त्यांनी किल्ली दिली, पण सोबत आले नाहीत.

तिसऱ्या दिवशी पाऊण वाजता मी कुलूप काढलं. आत सरकीचा वास, टेबल आणि एक खुर्ची, तिच्या पाठीवर वाळून कडक झालेला टॉवेल. वर कोपऱ्यात मुठीएवढा कॅमेरा. खुर्चीत बसून मी लॅपटॉप उघडला. बाहेर ट्रॅक्टर चालू होते, ऊन रणरणत होतं. एक वाजला, रेघ चढली आणि डोक्यावर बारीक घरघर झाली. कॅमेरा हळूहळू वळला आणि माझ्यावर येऊन थांबला.

"उठा तिथून." कॅमेऱ्यातून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला. रागावलेला नव्हता.

"कोण बोलतंय?"

"मी टेंभुर्णीहून बोलून राह्यले. काटेवाल्यांची बायको. मोबाईलवर दिसता तुम्ही मला. हा कॅमेरा त्यांनीच बसवला. ते तिथं, मी इथं, डबा आम्ही संगंच खायचो."

"काकू, मी नेटवर्कचं काम करून राह्यलो. केबिन तर बंद असते."

"ठाऊक हाय. पण ते आल्ते आत्ता. तुम्हाला पाहून दारातच थांबले."

मी उठलो. माझी पाठ दाराकडे होती आणि केबिनला दार एकच. भिंतीला चिकटून उभा राहिलो. कॅमेरा माझ्यावरून दाराकडे गेला, क्षणभर थांबला आणि मग दारापासून खुर्चीपर्यंत सावकाश सरकत आला. एखादं वयस्कर माणूस चालत जाईल तेवढाच वेळ लागला त्याला.

"जा आता," काकू म्हणाल्या, "वाट मोकळी हाय."

ऑफिसात येऊन मी एवढंच सांगितलं, की तो पोर्ट वापरात आहे. मॅनेजर लगेच उठले. स्वतःच्या प्रिंटरची केबल काढून त्यांनी मला जागा करून दिली. दोन पोर्ट जोडले, चित्रं सुरळीत झाली, मी जालन्याला परतलो.

घरून लॅपटॉपवर अधूनमधून त्या स्विचवर नजर टाकायचो. सतराची रेघ रोज एकला चढायची. दोन-तीन महिन्यांनी ती थांबली. मी घाबरून मॅनेजरना फोन लावला.

"काकू बऱ्या हायेत," ते म्हणाले. "डोळ्याचं ऑपरेशन झालं. पंधरा दिवस मोबाईल बघायचा न्हाई. त्यांचा निरोप आल्ता, एकला कोनीतरी तिथं जेवायला बसा, काकांना एकटं जेवायची सवय न्हाई. फक्त खुर्चीत बसू नका."

"मग कोण जातं?"

"मीच. स्टूल घेऊन जातो."

"काही जाणवतं का, साहेब?"

 

"मी खाली मान घालून जेवतो," ते म्हणाले.