जहाज मुंबईत, हात रत्नागिरीत

माऊस जरासा सरकवायचा, हात उचलायचा, मांडीवर ठेवायचा आणि पडद्याकडे बघत बसायचं. "पोचू दे, काकू," तो म्हणायचा.

घरून काम करणारा एखादा तुमच्याही शेजारी असेल. कानात बोंडं, हाक मारली तर ओ नाही. हा तसला नव्हता. आईचं अंग लुळं पडलं म्हणून चाळिशी उलटलेला हा एकटा जीव मुंबईची खोली सोडून आमच्या आळीत परत आला आणि आईच्या खोलीला लागून असलेल्या पडवीत त्यानं टेबल मांडलं.

काम जहाजांचं. यंत्रखोलीतले पाइप कुठून कुठे न्यायचे ते आधी संगणकावर उभं करायचं, फिरवून, आत शिरून बघायचं. पण एवढी ताकद पडवीतल्या संगणकात कुठली? खरं यंत्र मुंबईच्या ऑफिसात. याचा हात हलला की ती हालचाल तारेतून तिकडे जायची, तिथे जहाज वळायचं आणि वळलेल्या जहाजाचं चित्र इकडे यायचं.

"म्हणजे गाडी मुंबईत आणि स्टिअरिंग रत्नागिरीत?" मी विचारलं.

"तसंच. रस्ता तेवढा मधे."

मी तेव्हा अवघी बासष्टची. अंगात तारुण्याचा माज. "सर रे मेल्या, बघू दे," म्हणून माऊस ओढून घेतला. सरकवला. जहाज ढिम्म. पुन्हा सरकवला, मग आणखी जोरात. आणि एकाएकी ते धूड गरगर फिरून पालथं झालं.

"बुडवलंत, काकू. तुमचा पहिला धक्का पोचला होता. चित्र वाटेत होतं. तुम्ही धक्के देतच सुटलात."

नवी नवरी असतानाही मी हेच केलं होतं. यजमान मुंबईला नोकरीत. मी पत्र टाकलं, उत्तर येईना म्हणून दुसरं रागाचं, मग तिसरं, 'येऊच नका' असं. पहिल्याचं गोड उत्तर मला मिळालं तोवर तिसरं त्यांना मिळालेलं. गणपतीला स्वारी आली नाही. आरतीला ही शहाणी एकटी झांजा बडवत उभी!

वहिनींना, म्हणजे त्याच्या आईला, समजायचं सगळं. शब्द मात्र फार उशिरा यायचे. आम्ही बायका भेटायला जायचो आणि "चहा घेता? की दूध देऊ? नको ना?" असं आपणच विचारून, आपणच ठरवून मोकळ्या. वहिनी डोळे मिटून घ्यायच्या. एकदा त्यानं मला बाहेर चिऱ्याच्या पायरीवर बोलावलं.

"काकू, एकदाच विचारा. दुसरं विचारलंत की पहिल्याचं उत्तर वाटेतच राहतं."

मग आत येऊन त्यानं विचारलं, "आई, खिडकी उघडू?" आणि गप्प बसला. बाहेरून कोळीण ओरडत गेली. शेजारी कुकरची शिट्टी झाली. माझ्या जिभेच्या टोकावर तीन प्रश्न तयार होते.

"अर्धी," वहिनी म्हणाल्या.

अर्धी! आमच्यातल्या एकीला तरी सुचलं असतं का, सांगा.

ऑफिसला मात्र हे दुरून काम पसंत नव्हतं. चित्र अडखळतं, गिऱ्हाइकापुढे शोभत नाही, म्हणे. जहाजमालकांसमोर रत्नागिरीतून जहाज फिरवून दाखव. जमलं तर राहा, नाही तर मुंबईला ये. मुंबईला जायचं तर आईपाशी पगारी बाई ठेवावी लागणार. "ती हिचं उत्तर येईस्तोवर थांबेल का, काकू?" एवढंच तो बोलला.

आमच्या आळीत सगळ्यांचं इंटरनेट एकाच पेटीतून. तो घरोघर गेला, "उद्या सकाळी तासभर मोबाईलवर काही बघू नका." अख्ख्या आळीनं मोबाईल पालथे ठेवले. मला त्यानं वहिनींपाशी बसवलं.

पडवीत जहाज झकास वळत होतं. मधेच वहिनींचे ओठ हलले. "जे..." मी तोंड उघडलं आणि कसंबसं मिटलं. पण त्याला ऐकू गेलं होतं. "माफ करा, आई काही सांगत्येय," असं पडद्यावरच्या ऑफिसच्या साहेबांना सांगून तो सरळ उठून आला. तो पलंगापाशी उभा. साहेब खोळंबले, जहाजमालक खोळंबले, आळी खोळंबली.

"जेवलास?" वहिनी म्हणाल्या.

"नाही गं. हे झालं की जेवतो."

दुपारी ऑफिसचा फोन आला. राहा म्हणाले. जहाजमालकानं म्हणे शेवटी एवढंच विचारलं, "आई काय म्हणाली?"

वहिनी पुढे दीडेक वर्ष होत्या. आता तो मुंबईतच असतो. पडवीत भाडेकरूंच्या सायकली आहेत.

त्यांच्या शेवटच्या सकाळी मी तिथेच होते. रात्रभर धाप लागलेली, म्हणून डॉक्टरांना बोलावलं होतं. पेजेची वाटी घेऊन तो उशाशी बसला. "आई, थोडी घेतेस?" विचारलं, चमचा वाटीत ठेवला आणि थांबला.

मी पलंगाच्या दुसऱ्या बाजूला. वहिनींचा श्वास थांबला होता, ते मला दिसत होतं. डॉक्टर दारात आले, आत शिरायला लागले. मी हात आडवा केला. ते तिथेच उभे राहिले.

पेजेवर साय धरली, तरी मी हात खाली घेतला नाही.