निजून केलेला नाच

लग्न होऊन आलापल्लीला आले त्याच पावसाळ्यात मी क्वार्टरच्या पायरीवरून घसरले. मांडीचं हाड मोडलं. चांद्याच्या दवाखान्यात घातलेलं प्लॅस्टर निघालं तेव्हा पाय पार वाळून गेला होता. यजमान जंगलखात्यात, सतत फिरतीवर. दिवसचे दिवस माझा आवाज मलाच ऐकू येत नसे.

नागपूरला मी नाच शिकले होते. सासरी तो विषय कोणी काढला नव्हता. आमचे गुरुजी उभं करण्याआधी आम्हाला पाठीवर निजवत, टाचा जुळवून, गुडघे बाहेर वळवून पाय दुमडायला नि लांब करायला लावत. ते आठवलं. खाटेवर जमेना, म्हणून जंगलखात्याच्या लाकूडडेपोतल्या सुताराकडून सागाची चौकट करून घेतली. तिच्यात चाकांवर मागेपुढे सरकणारी फळी, फळी नि चौकटीची पायाकडची बाजू यांना सायकलच्या जुन्या ट्यूब बांधलेल्या. फळीवर निजून पायांनी समोरची आडवी पट्टी रेटायची. ट्यूब ताणल्या जात, आणि परत येताना फळीला सावकाश आवरावं लागे.

कामाला येणारी गोंड बाई एकदा दारातच थबकली.

"बाई, हे काय करून राह्यल्या?"

"नाचतेय."

"झोपून?"

"उभं राहता येत नाही ना."

ती हसली नाही. हातातला झाडू ठेवून बघत बसली.

थंडीत मी फाटकापर्यंत चालू लागले. यजमान फिरतीवरून आले, खूश झाले.

"मग आता ही फळी काढायची ना?"

"नाचाची आहे ती."

"इथे कोणासाठी नाचणार तू?"

त्यांनी रागानं नव्हे, खरंच विचारलं होतं. फळी मात्र राहिली.

धान घरात आल्यावर त्या बाईनं मला तिच्या टोल्यावर, गोंडांच्या वस्तीवर, नेलं. बाया एकमेकींच्या कमरेला हात घालून ओळीनं नाचत होत्या. तिनं मला मधे ओढलं. पाय आपटणं जमलं नाही, पण कडेकडेनं सरकणं जमलं. दोन्ही बाजूंनी धरलेलं होतं, पडायची भीती नव्हती. गाणं गोंडी, मला एक शब्द कळत नव्हता. गाणं संपलं, हात सुटले, बाया बोलत-हसत आपापल्या घरी गेल्या.

दिवेलागणीला घरी आले. यजमान अहेरीकडे गेलेले. पायाला तेल चोळताना त्या गाण्याची चाल म्हणून पाहिली. शब्दांच्या जागी नुसतं गुणगुणत.