हलक्या बॅटरीचा संशय

वडिलांचा उजवा खांदा निकामी झाला आणि डॉक्टरांनी वल्हं बंद केलं. आमचं भातशेत खाडीपलीकडे. रोज बांध पाहून आल्याशिवाय वडिलांना अन्न गोड लागत नसे. दोन हजार आठच्या सुमारास आखातातल्या मामेभावाने होडीच्या मागे बसवायची विजेची छोटी मोटर पाठवली. बॅटरी इथेच घ्यायची होती. ओहोटीत ती मध्येच बंद पडली तर एका हाताचा माणूस होडीसकट समुद्राकडे जाणार, एवढीच काय ती अडचण.

एव्हरशाईन सिटी या नव्या वसाहतीतल्या बॅटरीच्या दुकानदाराने टाय लावला होता. बॅटरीच्या दुकानात टाय दिसला की मी सावध होतो. त्याने एक निळा खोका दोन्ही हातांनी, देव्हाऱ्यातला देव काढावा तसा, समोर ठेवला.

"अंकल, लिथियम. फ्युचर आहे हे. पाच वर्षं बघायचं नाही."

"चालते का तेबी नाय बघायचं?" वडिलांनी डाव्या हाताने खोका उचलला आणि लगेच खाली ठेवला. "रिकामी हाय."

नारळ, भोपळा, ट्रॅक्टरची बॅटरी, सगळं त्यांनी आयुष्यभर हातात तोलूनच घेतलं होतं. लिथियम हलकं असतं, हे मी वाचलं होतं. पण तेच दुकानातल्या रंगीत पत्रकातही छापलेलं होतं, त्यामुळे माझाही विश्वास उडाला. मी पत्रक घडी करून खिशात घातलं.

"हेवी मॉडेल मागवतो," दुकानदार म्हणाला.

चार दिवसांनी तसाच निळा खोका आला, चांगला तिप्पट वजनाचा.

"आता कशी बॅटरीसारखी बॅटरी!" वडील खूश.

मी लेबल वाचलं. छापलेलं वजन पहिल्या खोक्याचंच होतं. दुकानदाराला दाखवलं, तर तो म्हणाला, "प्रिंटिंग मिस्टेक, सर." मघापर्यंत मी सर नव्हतो.

"दोन्नी दे," वडील म्हणाले. "पानी सांगंल."

भरतीचं पाणी थांबल्यावर आम्ही होडी दोराने धक्क्याच्या खुंटाला बांधली आणि मोटर सुरू केली. जड बॅटरीने दोर ताठ ओढला. पलीकडे पोचायला लागतो तेवढा वेळही झाला नसेल, मोटर थांबली आणि दोर सैल पडला. मग हलकी लावली. जाऊन-येऊन दोन खेपा होतील इतका वेळ दोर तसाच ताणलेला. वडील कंटाळून उठले.

"हिच्यात कायतरी लबाडी हाय."

"दोर तर ताठ आहे. लिथियम हलकंच असतं, वाचलं होतं मी."

"तू वाचलं व्हतंस ना हिच्याबद्दल? मंग दुकानात तोंडाला कुलूप का?"

मी खुंटाचा दोर सोडायला घेतला. जड खोका परत गेला; आत बहुतेक साधी, जुनी शिशाची बॅटरीच होती. दुकानदाराने तो उघडूनही न बघता आत ठेवला.

दुसऱ्या दिवशी ऐन ओहोटीत वडिलांनी मला होडीत पुढे बसवलं. वल्हं माझ्या मांडीवर. खाडीच्या मध्यावर पाणी जोरात ओढत होतं आणि मी खोक्यावरची नजर हलवली नाही. पलीकडे टेकताच वडील चिखलात उतरले, फुटलेल्या बांधाकडे बघून कुणाला तरी शिवी घातली आणि माती ओढायला लागले. मी तिथेच बसून खोका गरम झालाय का ते चाचपत राहिलो.