दोन रघुनाथ राव, एक पास

परवा गणपती बसले आणि त्याच सकाळी टी. नगरच्या हॉलमध्ये माझी पार शोभा झाली. कारण? एक्सेल...

इथल्या तमिळ मुलखातल्या आमच्या मराठी मंडळाच्या सभासदांची यादी नीट करायचं काम यंदा माझ्या गळ्यात पडलं. सेक्रेटरी देशपांडे काका म्हणाले, "तू कम्प्युटरवाली, तुला काय, दहा मिनिटांचं काम!" त्या दहा मिनिटांत शोळिंगनल्लूरच्या ऑफिसातले माझे तीन लंच टाइम गेले.

जुन्या रजिस्टरमधली नावं वर आणि यंदा ईमेलने आलेले फॉर्म खाली चिकटवलेले. एकच कुलकर्णी काका तीनदा... एकदा आडनाव आधी, एकदा नाव आधी, एकदा नुसतेच 'बँकवाले कुलकर्णी'. एक्सेलला हे तिघेही वेगळे वाटत होते! मी आपली एकेक ओळ डोळे फोडून शोधतेय.

शेवटी वैतागले. ऑफिसात नवीन एक्सेल आलंय, त्यात डुप्लिकेट उडवायचं बटणच आहे. नाव, पत्ता, फोन जुळला की ओळ गायब. दाबलं... सात ओळी गेल्या. कोणाच्या, ते बघायचंही त्राण नव्हतं. त्याच यादीवरून उत्सवाचे पास छापले आणि पोस्टाने घरोघरी गेले.

आमच्याकडे पहिली आरती सगळ्यात जुन्या सभासदाने करायची पद्धत आहे. म्हणजे टी. रघुनाथ राव आजोबांनी. ते तंजावरकडचे मराठी, मंडळ सुरू झालं तेव्हापासूनचे. दहा वाजले, साडेदहा वाजले... आजोबांचा पत्ता नाही. आला तो त्यांचा इंजिनिअर नातू, हातात पास घेऊन, एकटाच.

"ताता येणार नाहीत," तो आजोबांबद्दल म्हणाला. "घरी पास एकच आला. ते म्हणतात, मंडळाने जुना रघुनाथ खोडला, नवा ठेवला. आता तूच जा."

नातवाचं नावही टी. रघुनाथ राव! त्यांच्यात आजोबांचं नाव नातवाला ठेवतात आणि पुढे आद्याक्षर लावतात वडिलांचं. आजोबांचे वडील तुकोजी, नातवाचे वडीलही तुकोजी. घर एक, लँडलाइन एक. नातवाने फॉर्म यंदाच भरला होता... आणि मी मूर्खासारखं बटण दाबून मोकळी!

लॅपटॉप काखोटीला मारला आणि नातवाबरोबर ऑटोने मैलापूर गाठलं. ऑटोवाल्याने सांगितलेला आकडा मी मुकाट्याने मान्य केला, यावरून काय ते समजा. आजोबा झोपाळ्यावर बसले होते... कोरी वेष्टी नेसून, गंध लावून, अगदी तयार. ते बघून मला रडूच आलं.

माफी मागत फाइल उघडली. आणि बघते तर काय... एक्सेल पहिली ओळ ठेवतं, खालची उडवतं. रजिस्टरची नावं वर होती ना! चौथ्या ओळीत आजोबा जिथल्या तिथे, सभासद क्रमांकासकट. पास त्यांचाच होता. उडाला होता तो नातू!

आजोबांनी चष्मा लावून ती ओळ दोनदा वाचली. मग नातवाकडे वळले, "मग तुला आत कोण सोडलं रे?"

आरती साडेबाराला झाली. देशपांडे काका अजून माझ्याशी धड बोलत नाहीयेत, आणि बाकीच्या सहा ओळी कोणाच्या होत्या ते शोधून मी फोन लावत बसलेय. यापुढे ते बटण दाबायच्या आधी माणसाला विचारायचं, एवढं मात्र शिकले.

पण त्या दिवशी घरातून निघायच्या आधी आजोबांनी मला थांबवलं. नातवाचं नाव परत लिही म्हणाले. मी यादीच्या तळाशी जाऊ लागले तर माझा हातच धरला, "तिथं नको. माझ्या खाली लिव. लगेच खाली."

लिहिलं. सभासद क्रमांक सोडला तर अक्षर न् अक्षर सारख्या दोन ओळी, एकाखाली एक. आजोबा कितीतरी वेळ त्यांच्याकडे बघत राहिले... आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, ती यादी बघून मला वैताग आला नाही.