राहिलेली वीस घरं

प्रश्न विचारला की मावशी तोंड फिरवायच्या. पक्षांच्या चिन्हांचा कागद समोरच्याच्या हातात द्यायचा आणि आपण रस्त्याकडे बघत उभं राहायचं. "मी बघत न्हाय. तुमी करा खूण निवांत."

तुम्ही म्हणाल, मतचाचणीला एवढं सोवळं कशाला? मीही तेच म्हणायचो. मी तेव्हा एका स्थानिक दैनिकात वाढदिवसाच्या शुभेच्छा लिहिण्याचं काम सोडून आलेला माणूस. सोलापूरची नाडी आपल्याला कळते, अशी माझी पक्की समजूत. लोकसभेआधी एका सर्वेक्षण कंपनीने पूर्व भागातल्या तेलुगू विणकरांच्या गल्ल्यांसाठी मावशींना आणि मला नेमलं. मावशींचं यात वय गेलेलं. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "पत्रकार हाय न्हवं? मग आदी गप बसायला शिका."

नियम साधा होता. गल्लीत उजव्या बाजूने चालायचं, दर पाचवं घर घ्यायचं, कुलूप असलं तर तीनदा परत यायचं. मावशी चौथ्यांदाही जायच्या. "कुलूप हाय म्हंजे मत न्हाय, असं कुटं हाय?"

एका घरी बायकोला विचारलं, तर नवराच बोलायला लागला. "आमच्या घरात एकच मत असतंय."

"बरोबर हाय की," मावशी म्हणाल्या. "मालक, जरा पाणी आणता का?"

मालक आत गेले. मावशी त्या बाईंशी तेलुगूत दोन शब्द बोलल्या आणि कागद पुढे केला. मालक तांब्या घेऊन येईपर्यंत कागदाची घडी मावशींच्या पिशवीत गेलेली होती. पाणी मी प्यायलो.

आता माझा पराक्रम. दुसऱ्या आठवड्यात माझ्या वाट्याची वीस घरं मी चहाच्या टपरीवर बसून भरली. ऊन फार होतं, आणि नाडी तर कळतच होती. गल्ली पिढ्यान्‌पिढ्या ज्या पक्षाची, त्याच पक्षाला मी भरघोस मतं दिली. खरं वाटावं म्हणून दोघांना 'अजून ठरवलं नाही'मध्ये टाकलं. एका आजींना मधुमेहही दिला. तसा रकाना नव्हता, समासात लिहिला.

मावशींच्या कागदांत मात्र वारं फिरलेलं होतं. जुन्या पक्षाची माणसं भराभर दुसरीकडे निघालेली.

निकाल लागला. गल्लीने जुन्याच पक्षाला मतं दिली. माझी टपरी तंतोतंत बरोबर निघाली.

कंपनीच्या साहेबांनी मला पर्यवेक्षक केलं. मावशींच्या नावावर काट मारत म्हणाले, "यांना यापुढे नको. घरी बसून फॉर्म भरतात बहुतेक."

मी समोर बसलो होतो. मी कपातल्या चहाकडे बघत राहिलो. चहा संपलेला होता.

चार दिवसांनी मावशींच्या घरी गेलो. काम गेल्याचं आणि का गेलं तेही त्यांना कळलं होतं. त्या शेंगा फोडत बसल्या होत्या.

"मी घरी बसून एक फॉर्म भरला न्हाय," त्या म्हणाल्या. "लोकांनी त्या दिवशी मला तसंच सांगितलं. मागनं फिरले असतील. पर का फिरले, ते काय कळंना बघा. लई इचार केला."

मग मी सगळं सांगितलं. टपरी, आजी, मधुमेह. त्या हसतील असं वाटलं होतं.

"साहेबांना सांगितलं?"

"नाही अजून."

"लावा फोन."

लावला. माझं पर्यवेक्षकपद तिथेच संपलं. मावशींना मात्र साहेबांनी परत घेतलं नाही. म्हणाले, त्यांचा अंदाज चुकला तो चुकलाच.

मावशींनी शेंगांचं सूप बाजूला सारलं. "ती वीस घरं कंची?"

"आता काय उपयोग, मावशी?"

"उपेग बघून कोण चाललंय? तितं कुणी गेलंच न्हाय की अजून. उठा."

पहिल्या घरी एक म्हातारे विणकर उंबऱ्यात बसले होते. मावशींनी कशाला आलो ते सांगितलं. त्यांनी आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"निवडणूक झाली की बाई."

"झाली. तुमाला इचारायचं राहिलं हुतं."

म्हातारबुवा थोडे बाजूला सरकले. "बसा मग," ते म्हणाले. "माझं मत शेवटच्या दोन दिवसांत बदललं. का बदललं, ते घरातसुद्धा कुणी विचारलं नाही."