दोन भावांची एक पेटी

त्या वर्षी मी तालुक्याच्या गावात तीन पेट्या बसवल्या आणि स्वतःला फार शहाणा समजू लागलो.

पेटी म्हणजे नॅस. जेवणाच्या डब्याएवढा काळा ठोकळा, आत दोन हार्ड डिस्क, मागून राऊटरला गेलेली वायर. तिच्यात ठेवलेली फाइल दुकानातल्या कुठल्याही कॉम्प्युटरवर आणि मालकाच्या मोबाइलवर दिसते, एवढंच तिचं कौतुक. पहिली एका डॉक्टरांनी घेतली. दुसरी फोटो स्टुडिओवाल्या चाचांनी घेतली आणि गिऱ्हाइकाचा फोटो काढायच्या आधी त्याला ती दाखवायला सुरुवात केली. मी नागपूरला दोन दिवसांचं ट्रेनिंग करून आलो होतो. प्रमाणपत्र लॅमिनेट करून माझ्या कॉम्प्युटर-झेरॉक्सच्या दुकानात भिंतीवर लावलं होतं. ट्रेनिंगमध्ये एक गोष्ट मात्र घोकून घेतली होती: महत्त्वाची वस्तू तीन जागी ठेवा, त्यातली एक दुसऱ्या गावात. मी ती वहीत लिहिली आणि वही कपाटात ठेवली.

तिसरी पेटी दोन भावांच्या कृषी केंद्रात बसली. बीटी कपाशीचे दिवस. जून लागला की त्यांच्या दुकानापुढे पहाटेपासून रांग. लोकांना अमुकच पाकीट पाहिजे असायचं आणि मोठा भाऊ ते असं काढून द्यायचा, की जणू स्वतःच्या ताटातला घास काढून देतोय. त्यासोबत नको असलेलं खतही गळ्यात मारायचा, ते वेगळं. बिलावर पाकिटाचा लॉट नंबर, खाली शेतकऱ्याची सही. ती सहीची प्रत स्कॅन होऊन पेटीत जायची, कागद कचऱ्याच्या टोपलीत. पेटी आल्यावर मोठ्या शेठने जुनी बिलबुकं रद्दीत घातली आणि आपलं दुकान डिजिटल झालं असं चौकात सांगत सुटला.

बसवताना एकच खटका उडाला. मी म्हणालो, "शेठ, दोन्ही डिस्कवर सारखंच राहील. एक गेली तरी दुसरीत सगळं शाबूत."

"म्हंजे पैसे दोनचे अन् जागा एकाची?" शेठ म्हणाला. "मंग दुसरी का शोभेले ठेवू?"

"दोन्ही जोडून एक करता येते, पण मग प्रत्येक फाइलचा अर्धा तुकडा इकडे, अर्धा तिकडे. एक काढली तर दोन्ही बेकार."

"काहाडते कोन बे? जोड."

मी जोडली. अडून बसायला हवं होतं. पण गिऱ्हाईक मोठं, आणि मला चहा आला होता. बिलांना तशी जागा लागते किती? उरलेल्या सगळ्या जागेत शेठच्या मुलीचं लग्न आलं. हळद, वरात, ड्रोनवरून काढलेल्या पंगती. आपले व्याही वरून कसे दिसतात हे शेठ दुकानात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचा.

त्याच जूनमध्ये माझी आत्या वरवट बकालहून आली. आत्याची चार एकर कपाशी, सगळी तिच्याच हिमतीवर. तिने त्या दुकानातून आठ पाकिटं घेतली आणि बिल घेऊन माझ्या दुकानात पाणी प्यायला टेकली. तिच्याकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. त्यात ती सातबाऱ्यापासून गॅसच्या पावतीपर्यंत सगळं ठेवायची. घरचे सगळे त्या डब्याला हसायचो, मी जरा जास्तच.

"हे बिल डब्यात ठेवतो बापा," ती म्हणाली.

"कायले?" मी म्हणालो. "मशीनमधून निघालेल्या अशा बिलाची शाई दोन महिन्यांत उडते. तुझं बिल त्यांच्या पेटीत आहे, मी स्वतः बसवली. आता डब्याचे दिवस गेले, आत्या."

वर प्रमाणपत्राकडे बोटही दाखवलं. तिने मान हलवली. आमच्या घरातला शिकलेला पोरगा सांगतोय म्हटल्यावर ती काय बोलणार.

दिवाळीच्या सुमारास दोन भावांचं फाटलं. काऊन फाटलं ते गावाला ठाऊक होतं, त्या दोघांना मात्र नक्की सांगता येत नव्हतं. वाटणीला त्यांचे मामा आणि एक म्हातारे कापूस व्यापारी पंच म्हणून बसले. आमच्याकडे वाटणी झाली की काही शिल्लक ठेवत नाहीत. दुकानात मधोमध विटांची भिंत आली. काउंटर करवतीने कापला. खुर्च्या चार होत्या, दोन-दोन. पंखे दोन, एकेक. पेटीची पाळी आली तेव्हा मामांनी झाकण उघडून पाहिलं, आत दोन डिस्क सारख्याच दिसल्या, आणि मामांना आनंद झाला. देवानेच दोन दिल्या म्हणाले. एक मोठ्याला, एक धाकट्याला, रिकामा डबा मोठ्याला, बदल्यात धाकट्याला भिंतीवरचं घड्याळ. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला बोलवावं असं कोणाला वाटलं नाही. पंख्याच्या वाटणीला वायरमन बोलावला होता, हे लक्षात ठेवा.

त्याच दिवसांत कपाशीची बोंडं फोडली की आत गुलाबी अळी निघायला लागली. ज्या बियाण्यात अळी येणारच नाही म्हणून पाकिटावर पाकिटं खपवली, त्याच कपाशीत. नुकसानीची तक्रार घेतो, पण बियाण्याचं बिल आणि लॉट नंबर आणा, असं तालुक्याच्या कचेरीने सांगितलं. लोकांनी खिशातून, पोथ्यांतून बिलं काढली. ती कोरी पांढरी झाली होती. मग सगळे दुकानाकडे वळले.

मोठ्या शेठचा मला फोन आला. "पेटी लाल दिवा दाखवून राह्यली. ये."

मी गेलो. समोर भिंतीच्या अल्याडपल्याड माणसं उभी. मी झाकण उघडलं तर आत एकच डिस्क, शेजारची जागा रिकामी. "शेठ, दुसरी डिस्क लागेल. दोन्ही एकत्र लावल्याशिवाय एक बिल निघणार नाही."

"त्याच्या दारी मागाले जाऊ मी? जीव गेला तरी नाई."

मग मीच भिंतीला वळसा घालून धाकट्याकडे गेलो. त्याने काहीही खळखळ न करता डिस्क पुढे केली. "घ्या ना. म्या कॉम्प्युटरले लावली होती. फॉरमॅट करू का म्हणून इचारत होती. हो म्हतलं. आता दुकानाच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग जाऊन राह्यलं तिच्यात." मी कॉम्प्युटरला लावून पाहिली. भिंत बांधणारा गवंडी विड्या ओढताना दिसला. फॉरमॅटमध्ये त्याच्याखालचं सगळं पुसलं गेलं होतं.

बाहेर आलो तर रांगेत आत्या उभी होती. तिच्या हातात डबा होता. इतकी वर्षं पाहिलेला तो डबा मला त्या दिवशी पाहवला नाही.

"तुया पेटीत हाय म्हणला होता ना रे?" तिने विचारलं. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"तुझ्याकडचं कुठे आहे?"

"तूच म्हणला, कायले ठेवते. चुलीत घातलं."

मी तिच्यासोबत कचेरीत गेलो. मोठ्याने बोललो, तिने जपून ठेवलेली बियाण्याची रिकामी पाकिटं दाखवली, प्रमाणपत्राचाही उल्लेख केला. तिथल्या माणसाने शांतपणे विचारलं, "बिल?" भरपाईची यादी लागली तेव्हा तिच्या गावातल्या ज्यांनी दुसऱ्या दुकानातून बिलबुकावर हाताने लिहिलेली बिलं घेतली होती त्यांची नावं होती. आत्याचं नव्हतं. मला लाज वाटली. तशी लाज मला आजवर वाटली नव्हती, आणि ती सांगायला कोणी नव्हतं, कारण सगळ्यांना ठाऊकच होतं. दोघे भाऊ मात्र मजेत होते. बिलं दुसऱ्या भावामुळे गेली असं दोघेही सांगायचे, आणि मोठा तर मुलीच्या लग्नाची फिल्म गेली म्हणून माझ्यावरच फुगून बसला.

पुढच्या जूनमध्ये आत्या नवीन बिल घेऊन माझ्या दुकानात आली. बसली नाही, पाणीही मागितलं नाही. "याचे तीन झेरॉक्स काढून दे," म्हणाली.

"तीन कायले?"

"एक डब्यात. एक लेकीकडं जळगाव जामोदले धाडतो, घराले आग लागली तरी राहीन. अन् एक तुयापाशी ठेव."

मी झेरॉक्स काढून तिच्या हातात दिले. तिने दोन मोजून डब्यात घातले, तिसरा टेबलावर माझ्यापुढे सरकवला आणि झाकण दाबून बसवलं.

"तुयापाशीचा हरपला तं हरपू दे," ती म्हणाली. "म्या तो हिशेबात धरलाच नाई."