सुगंधाचे सहा वाटे

माझी बायको सुगंधा माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायची, आधी त्याच्या ताटात बघायची. लग्नाच्या पंगतीत बसली की हिची मान बगळ्यासारखी लांब व्हायची. कुणाला नुसता रस्सा आला, कुणाच्या वाटणीला हाडंच आली, कोण मागायला लाजतोय, सगळं हिला दिसायचं. मी म्हणायचो, "गो, आपल्या ताटात बघ." तर म्हणायची, "आपल्या ताटात काय हाय ते आपल्याला ठावं हाय. त्यात काय बघायचं?" मग उठायची, वाढप्याच्या हातातला डाव काढून घ्यायची आणि स्वतः वाढत सुटायची. मांडव कुणाचा, लग्न कुणाचं, हिला काही देणंघेणं नाही. लोक मला विचारायचे, "ही तुमची का?" मी म्हणायचो, "नाय, शेजारची."

माहेरची ती मुरबाडकडची. आमच्या सापगावात सून म्हणून आली तेव्हा अंगानं काडी होती, जीभ मात्र पुरी वाढलेली. माझा थोरला काका हावरट. कालवणाचं पातेलं त्याच्या पुढ्यातून पुढं सरकायचंच नाही. ही नवी नवरी त्याला सरळ म्हणाली, "मामंजी, तुमचं झालं असंल तर घरात आणखी माणसं हायेत." काका रुसला. हिच्या हातचं पाणी घेईना. पुढं सुक्या बोंबलाच्या कालवणाचा वास सुटला, तेव्हा मुकाट पाटावर येऊन बसला.

आमच्या आळीत सणाला पाच-सहा घरं मिळून बोकड कापतात आणि मटणाचे वाटे घालतात. म्हणजे सागाच्या पानांवर सारखे ढीग करायचे. प्रत्येक ढिगात थोडी कलेजी, थोडी चरबी, थोडं हाड, सगळं आलं पाहिजे. मग एकानं पाठ करून बसायचं. दुसरा ढिगावर बोट ठेवून विचारतो, "हा कुणाचा?" पाठमोरा माणूस न बघता ज्याचं नाव घेईल, त्याचा तो वाटा. कुणाला भांडायला जागा नाही. हे काम पुरुषांचं. पण आमचे पुरुष एकेक नमुने. कलेजीचा चांगला तुकडा पानाखाली कधी जायचा ते कळायचं नाही. एका सणाला त्यावरून कोयते निघाले. तेव्हा सुगंधा पदर खोचून मधे येऊन बसली. "उठा रे चोरांनो, मी घालते." त्या दिवसापासून वाटे तीच घालायला लागली. आणि आपल्या घराचं नाव शेवटी घ्यायचं, असा नियमही तिनंच काढला. बाहेर तिचं नाव झालं. घरी मी हाडं चोखली.

आमची एकच मुलगी, वैशाली. ठाण्याला ऑफिसात लागली आणि तिथला अमोल नावाचा मुलगा तिनं पसंत केला. जात आमचीच, पण घर शहरातलं. त्याचे वडील श्रीकांतराव कुठल्याशा मोठ्या कंपनीतून रिटायर झालेले. आई शैलाताई, बोलायला गोड, पण बोलणार कधी? ती मंडळी आमचं घर बघायला आली. सुगंधा शैलाताईंना वडे वाढायला गेली, तर श्रीकांतराव म्हणाले, "तिला नको, ती जास्त खात नाही." चहा विचारला, "तिला चहा सोसत नाही." शैलाताई नुसत्या हसल्या.

पाहुणे गेले तशी सुगंधा म्हणाली, "त्या बाईला भूक लागली का नाय ते तिचा नवरा सांगतोय. उद्या माझ्या पोरीच्या भुकेचं कोण सांगणार?"

वैशू चिडली. "आई, अमोल तसा नाही. तो चांगला आहे."

"चांगला हाय तो तुझ्यासमोर. बापासमोर चांगला हाय का, ते बघू दे. मग मी हो म्हणीन."

"आणि नाही म्हणालीस तर?"

"तर तू माझ्यावर रूस. उपाशी राहण्यापेक्षा रुसलेली बरी."

पोरगी आईच्या होकाराशिवाय लग्नाला उभी राहणार नव्हती आणि अमोललाही सोडणार नव्हती. रात्रंदिवस तोंड फुगलेलं. तेवढ्यात श्रीकांतरावांचा निरोप आला, की रविवारी दुपारी बाहेर जेवू, गाडी पाठवतो. निघताना वैशूनं आईचे हात धरले. "आई, माझी शपथ आहे. तिथं कुणाच्या ताटात हात घालू नकोस."

"नाय घालणार," सुगंधा म्हणाली.

हॉटेल ठाण्याच्या एका उंच इमारतीत, अगदी वर. बाहेर लख्ख ऊन आणि आत काळोख. सुगंधा दारातच थांबली. "लाइट गेली काय?"

"इथं असंच असतं, आई."

"मग खायचं कुठं, ते चाचपून बघायचं?"

बसलो. प्रत्येकाच्या पुढ्यात सुरा. आमच्याकडे बोकड कापायला जो असतो, त्याचा धाकटा भाऊ. सुगंधा माझ्या कानाशी लागली, "आवो, जिता आणून देतात का काय? कापायला पण आपणच?" श्रीकांतराव मेनूकार्ड उघडून पोथीसारखं वाचायला लागले. "इथलं लॅम्ब थेट न्यूझीलंडहून येतं."

"लॅम्ब म्हणजे मेंढी, काकी," अमोल म्हणाला.

"मुरबाडच्या बाजारातल्या मेंढ्या काय संपावर गेल्यात?"

अमोल हसला. बापानं बघितलं तसा गप्प झाला. सुगंधानं ते टिपलं.

वेटर वाकून उभा. मटण कसं हवं, जरासं शिजवलेलं, अर्धवट, का पूर्ण? सुगंधानं त्याच्याकडे फार मायेनं बघितलं. "बाबा, गॅस संपत आलाय काय? तसं असंल तर सांग. आमी थांबू."

श्रीकांतरावांनीच सगळं मागवलं. मला, अमोलला आणि स्वतःला ती मेंढी. वैशूला कोंबडी. "आणि हिला सूप. हिला जड पचत नाही." मग सुगंधाकडे वळले, "तुमच्यासाठी?"

"तुमाला पचतंय ते."

जेवण आलं. परातीएवढं ताट, मधोमध मटणाचा एक ठोकळा, शेजारी शेंगांचे तुकडे आणि कडेला तपकिरी फराटा. कुणीतरी बोट पुसलं असावं असं मला वाटलं. नंतर कळलं, ते कालवण. ठोकळा कापला तर आतून गुलाबी पाणी. श्रीकांतराव डोळे मिटून चावत होते आणि मधेमधे "वा" म्हणत होते. शैलाताईंच्या पुढ्यात वाटीभर सूप. त्या चमचा नुसता फिरवत होत्या आणि नजर जात होती मुलाच्या ताटाकडे.

वैशू टेबलाखालून आईचा पदर ओढत होती. पण सुगंधानं शपथ पाळली. तिनं कुणाच्या ताटात हात घातला नाही. सुरा घातला.

आधी माझं ताट ओढलं, मग स्वतःचं, वैशूचं, अमोलचं. श्रीकांतरावांचं तर त्यांचा काटा वर गेला तेवढ्यात खालून काढून घेतलं. सगळ्याचे तुकडे केले आणि पावाच्या रिकाम्या बशा मांडून सहा ढीग घातले. मेंढी, कोंबडी, शेंगेचा तुकडा, सगळ्यांत सगळं. वेटर धावत आला आणि बघतच राहिला.

"बाळा," ती अमोलला म्हणाली, "खुर्ची फिरव. तिकडं तोंड कर. मी विचारीन, तू नाव घे."

श्रीकांतराव म्हणाले, "अमोल, जागचा हलू नकोस. लोक बघतायत."

शेजारच्या टेबलावरची माणसं खरंच बघत होती. वैशूचे डोळे भरले. माझ्या पोरीचं लग्न त्या खुर्चीच्या चार पायांवर उभं होतं. अमोलनं मांडीवरचा रुमाल काढून टेबलावर ठेवला. मग उठला, खुर्ची करकरत फिरवली आणि बापाकडे पाठ करून बसला.

"हा कुणाचा?"

"आईचा."

शैलाताईंनी चमचा खाली ठेवला.

"हा?"

"वैशालीचा."

"हा?"

"काकांचा."

असं होत होत बापाचंही नाव आलं. त्यांच्या वाट्याला नेमका चरबीचा तुकडा. श्रीकांतराव लालबुंद झाले. "मी हे खाणार नाही!"

"राहू द्या," सुगंधा म्हणाली. "तुमाला जड होत असंल. सूप मागवू?"

वेटर तोंड फिरवून हसला. शैलाताईंनी पदर सावरला आणि सरळ हातानं खायला सुरुवात केली. बशी पुसून झाल्यावर म्हणाल्या, "या हॉटेलात कितीदा आले. जेवले आज." श्रीकांतराव काचेतून बाहेर बघत बसले. पण त्यांचा काटा हळूहळू चरबीकडे सरकत होता, ते मी पाहिलं.

परतीच्या गाडीत मी विचारलं, "मग काय गो?"

"दिली पोर," सुगंधा म्हणाली. वैशू तिच्या गळ्यात पडली, तर म्हणाली, "सर तिकडं. शहापूरला गाडी थांबवा, काहीतरी खाऊ. एवढं मोठं हॉटेल, पण पोटाला नाय लागलं."

सुगंधा गेली मागच्या थंडीत. पोटाच्याच आजारानं. देवाला थट्टा करायला दुसरी बाई भेटली नाही. पेजेचा घोट पोटात राहीना, तरी दवाखान्यात पलीकडच्या खाटेवर नजर. "आवो, त्या बाईचं कोणी आलं नाय सकाळपासून. तिला काहीतरी आणा." मी ओरडलो, "तुझं काय चाललंय नि तुला तिची पडलीय?" तर म्हणाली, "माझं काय व्हायचं ते होईल. तोपर्यंत ती उपाशी राहणार काय?" मी खाली जाऊन भाजी-पोळी घेऊन आलो. त्या बाईनं खाल्ली. सुगंधा ती जेवेपर्यंत बघत राहिली. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता गेली.

परवा मी वैशूकडे गेलो होतो. सगळे एकदम जेवायला बसलो. श्रीकांतरावांनी ताटातली पोळी संपवली आणि सवयीनं हाक मारली, "अजून पोळी आहे का?"

शैलाताईंनी मान वर केली नाही. "आहे. उठून घ्या."

साहेब उठले. स्वयंपाकघरात डबा वाजवला, पोळी घेतली आणि परत येताना पडेल आवाजात म्हणाले, "आणखी कुणाला हवी का?"

मला असं हसू आलं! "बघ गो, साहेब वाढायला लागले," म्हणून मी मान वळवली. बाजूला भिंत होती.